पान शेहेचाळीसवरची ओळ

२४ जून २०२४

प्राचार्यांनी सकाळीच बोलावून घेतलं. नवा अभ्यासक्रम लागू झालाय, प्रथम वर्षाला विश्लेषणात्मक रसायनाची तोंडओळख आहे, आणि त्यासाठी एकच पुस्तक ठरवायचं. लायब्ररी साठ प्रती घेणार. समिती तिघांची: मी विभागप्रमुख, प्रज्योत, आणि तिसरं कुणी उरलंच नाही म्हणून मुनिरा. ती तासिका तत्त्वावर आहे, समितीत बसवता येतं का असं मी विचारलं. प्राचार्य म्हणाले, नावापुरतं असू दे.

खरं म्हणजे यात ठरवायचं काय आहे? एकवीस वर्षं या कॉलेजात माझंच पुस्तक चालतंय. बापाने पेणच्या मिठागरात जन्म घालवला, अंगठा उठवायचा. त्याच्या पोराचं पुस्तक म्हसळ्याच्या कॉलेजात लागलं, तेव्हा त्याने ते उलटं धरून सगळ्या आळीला दाखवलं होतं. ते पुस्तक आता काढायचं?

१ जुलै

तीन पुस्तकं टेबलावर. एक जाडजूड, परदेशी, आमच्या पोरांना उचलायलाही जड. एक निळ्या पुठ्ठ्याचं, पुण्याच्या दोन बायकांनी लिहिलेलं, नवीनच. आणि माझं, पिवळं.

प्रज्योत पनवेलचा. नोकरीत कायम होऊन तीन वर्षं झाली, पण मन अजून हायवेवरच असतं. तो म्हणाला, "सर, टेन्शन काय, आपलंच बुक घेऊ." मुनिराने मात्र तिन्ही पुस्तकं घरी नेऊन वाचली होती. वहीत टिपणं केली होती. म्हणाली, पुस्तक आपण वाचून ठरवू नये, मुलांना प्रयोग करायला लावून ठरवावं. प्रत्येक पुस्तकावर दोन मुली बसवायच्या, पुठ्ठ्यांना वर्तमानपत्र लावायचं, पानावर आहे तेवढंच करायचं, कुणी तोंडाने काही सांगायचं नाही.

मी हसून हो म्हटलं. मुलगी हुशार आहे, हे मी कधी नाकारलेलं नाही. दिवेआगरच्या करमअलीची पोर. बी. एस्सी.ला माझ्याच हाताखाली होती. तिला या टेबलापर्यंत आणलं कुणी? गेली सात वर्षं तिचं तासिकांचं पत्र दर जुलैला माझ्या शिफारशीने निघतं.

९ जुलै

चाचणी झाली. प्रथम वर्षाचे प्रवेश अजून चालू आहेत म्हणून दुसऱ्या वर्षाच्या मुली घेतल्या. पाणी दिवेआगरच्या विहिरीचं, मुनिराच्याच वाडीतलं. समुद्र जवळ, पाणी मचूळ, क्लोराइड भरपूर. सिल्व्हर नायट्रेट घातलं की पांढरा साका पडतो, अमोनिया घातला की तो विरघळतो. एवढाच प्रयोग, ओळख पटवण्याचा.

जाड्या पुस्तकाच्या मुलींना तास पुरला नाही. निळ्यावाल्यांनी नीट केलं आणि शेवटी बीकरमध्ये नायट्रिक अ‍ॅसिडचे थेंब घालून सगळं ओतून दिलं, बीकर धुतलं. पिवळ्यावर यशरा आणि प्राप्ती होत्या. साका विरघळला आणि त्या थांबल्या. प्राप्ती म्हणाली, "मॅडम, इथं पान संपलं."

"मग थांबा," मुनिरा म्हणाली.

बीकर तसंच टेबलावर राहिलं. प्राप्ती जरा वेळाने म्हणाली, "पण लायब्ररीतल्या पुस्तकात पुढे ओळ आहे ना?"

"प्राप्ती, पुरे," मुनिरा म्हणाली. इतक्या पटकन म्हणाली की मी वळून पाहिलं. ती स्वतः पुढे झाली, त्या बीकरमध्ये अ‍ॅसिड घातलं आणि ओतून टाकलं. वहीत काही लिहिलं नाही.

चाचणीच्या प्रती मी घरून आणल्या होत्या, कोऱ्या. लायब्ररीतल्या प्रतींत माझ्या नकळत ओळ कुठून आली?

१० जुलै

लायब्ररीत गेलो. भिकू शिपायाला सांगून माझ्या पुस्तकाच्या सगळ्या प्रती काढायला लावल्या. एकतीस. प्रत्येकीचं पान शेहेचाळीस उघडलं. प्रत्येक पानावर, प्रयोगाच्या खाली, बारीक पेन्सिलीने, एकाच हाताने:

"हे द्रावण ठेवू नये. लगेच पातळ नायट्रिक अ‍ॅसिड घालून टाकून द्यावे. वाळले तर स्फोट होतो."

अक्षर ओळखायला वेळ लागला नाही. तीन वर्षं तिच्या जर्नलांवर सह्या केल्यात.

भिकूला विचारलं. तो सहज म्हणाला, "म्याडम दर जूनला येत्यात. म्हणत्यात, पुसट झालंय. हितं शिकत व्हत्या तवापास्नं येत्यात." म्हणजे तेरा वर्षं. तेरा वर्षं ही मुलगी माझ्या पुस्तकावर माझी चूक लिहितेय, आणि पोरं ती वाचतायत, आणि मला पत्ता नाही. किती जण हसले असतील?

इथे खोटं लिहायचं नाही म्हणून लिहितो. ती ओळ बरोबर आहे. चांदीचं अमोनियातलं द्रावण ठेवून दिलं तर त्यात काळा थर धरतो आणि तो नुसत्या धक्क्यानेही उडू शकतो. मला ते ठाऊक होतं. छापताना राहून गेलं. पूर्वी प्रॅक्टिकलला मी स्वतः तोंडी सांगत असे. विभागप्रमुख झाल्यापासून लॅबमध्ये उतरणं कमी झालं.

आणि हेही आठवलं. तिसऱ्या वर्षाला असताना ती एकदा पुस्तक घेऊन स्टाफरूममध्ये आली होती. सर, एक विचारू का, अशी सुरुवात. मी म्हटलं होतं, आधी पास हो, मग माझं शुद्धिपत्र काढ. सगळे खूप हसले होते. त्यानंतर ती त्या विषयावर बोलली नाही. तिला कळलं असेल असं मला वाटलं होतं.

१२ जुलै

आज तिला केबिनमध्ये बोलावलं. एक प्रत उघडून समोर ठेवली. तिने नाकारलं नाही. म्हणाली, "सर, पुस्तक चांगलं आहे. मी याच्यावरच शिकले. एक ओळ राहिलीय, एवढंच."

"मग समितीत निळ्याला मत का देणार आहेस?"

"पेन्सिल पुसते, सर. मी आहे तोवर दर वर्षी लिहीन. पुढे?"

म्हणजे मी जाईन, हिने धरूनच ठेवलंय. माझी दोन वर्षं राहिलीत निवृत्तीला. मी तिला शांतपणे समजावलं की लायब्ररीचं पुस्तक ही संस्थेची मालमत्ता आहे. त्यावर लिहिणं हा गुन्हा आहे, मग ते कुराणाचं वचन असो की नायट्रिक अ‍ॅसिड. हे शेवटचं बोलायला नको होतं. तिने खाली पाहिलं. पण तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, त्यामुळे तिला लागलं नसावं.

सोमवारी सगळ्या प्रती स्वच्छ करून द्यायच्या, असं सांगितलं.

१५ जुलै

मधल्या सुट्टीत, वाचनालयात. मुद्दाम ती वेळ निवडली. चूक जशी चारचौघांत वाचली गेली, तशी चारचौघांतच पुसली जावी. मी समोर खुर्ची टाकून बसलो.

एकतीस प्रती. तिने स्वतःचा खोडरबर आणला होता. पान उघडायची, डाव्या हाताने कागद ताणून धरायची, पुसायची, कचरा तळहातावर घ्यायची. कागद जुना, जोर लावला असता तर फाटला असता. एकही पान फाटलं नाही. पोरं वाचायचं सोडून बघत होती. प्राप्ती उठून आली आणि म्हणाली, मी मदत करते. मी तिला जागेवर बसायला सांगितलं.

पंधरा-सोळा प्रती झाल्यावर मुनिरा म्हणाली, "सर, ओळ पुसते. पण लॅबच्या फळ्यावर लिहून ठेवू का?"

मी म्हटलं, "पुस्तकात नाही ते फळ्यावर नाही."

ती परत पुसायला लागली. भिकू दारात उभा राहून पाहत होता. त्यालाही मी मुद्दाम थांबवून घेतलं, प्रती मोजून घ्यायला.

घरी येऊन बरं वाटायला हवं होतं. जेवण गेलं नाही. पित्त असेल.

२२ जुलै

समितीने निर्णय दिला. माझं पुस्तक, दोन विरुद्ध एक. निळं पुस्तक छान आहे, पण त्यातली उदाहरणं शहरी आहेत, असं प्रज्योतने कारण लिहिलं. मीच सुचवलं ते.

मुनिराने असहमतीचं पान जोडलं. अर्ध्या पानाचं. त्यात पान शेहेचाळीसवर अमुक सूचना नाही, ती नसणं धोक्याचं आहे, छापील चिठ्ठी तरी चिकटवावी, असं लिहिलंय. भाषा सभ्य आहे. माझं नाव कुठेही नाही. पण हे पान प्राचार्यांकडे गेलं की ते विचारणार, एकवीस वर्षं काय करत होतात? मी ते फाइलीला नंतर लावू म्हणून खणात ठेवलं.

चिठ्ठी चिकटवायला खरं तर काहीच हरकत नव्हती. पण तिने सुचवली म्हणून चिकटवायची?

८ ऑगस्ट

मुनिराचं तासिकांचं पत्र निघालं. या वर्षी तिला प्रॅक्टिकल द्यायचं नाही असं ठरवलं, फक्त लेक्चर. प्रथम वर्षाची प्रॅक्टिकल प्रज्योतकडे. त्याला तोंडी सांगितलं. वेळापत्रक आधीच छापून ऑफिसात गेलं होतं, त्यात तिचंच नाव आहे. एका नावासाठी पुन्हा कुठे छापायचं.

तासिका निम्म्या झाल्या तिच्या. ती विचारायला आली नाही. आली असती तर विचार केला असता.

३० ऑगस्ट

मुनिरा कॉरिडॉरमध्ये प्रथम वर्षाच्या पोरांना अडवून काही सांगत होती. मी दिसल्यावर थांबली. पोरांना विचारलं तर पोरं म्हणाली, मॅडम सांगत होत्या, अमोनियाचं द्रावण ठेवू नका. मी मुनिराला नोटीस दिली. तासाबाहेर, परवानगीशिवाय विद्यार्थ्यांशी बोलू नये. नोटीस दोन ओळींची. पोच घेतली.

२४ ऑक्टोबर

उद्यापासून दिवाळीची सुट्टी. प्रज्योतला तीनची एसटी पकडायची होती, म्हणून शेवटची बॅच त्याने घाईने उरकली. मी केबिनच्या खिडकीतून पाहिलं, पोरं लॅबमधून उड्या मारत निघाली होती. माणगावपर्यंत तोही त्यांच्याच गाडीत.

१८ नोव्हेंबर

जमेल तेवढं लिहितो.

सुट्टीनंतरचा पहिला दिवस. दुसऱ्या वर्षाची बॅच लॅबमध्ये गेली. खिडकीच्या कट्ट्यावर एक बीकर होतं, आत काळं काहीतरी वाळलेलं. प्रथम वर्षाचं, सुट्टीआधीचं. चिठ्ठी नाही, नाव नाही. प्राप्तीला वाटलं, भांडं घाण आहे, धुऊन ठेवावं. तिने काचेच्या कांडीने खरवडलं.

आवाज फटाक्याएवढाच झाला. दिवाळीचा राहिलेला कुणीतरी वाजवला, असं मला केबिनमध्ये वाटलं.

मी पोचलो तेव्हा प्रज्योत भिंतीला टेकून उभा होता, पांढराफटक. मुनिरा शेजारच्या वर्गातून माझ्याआधी पोचली होती. तिने प्राप्तीचे दोन्ही हात धरून ठेवले होते, डोळा चोळू नये म्हणून, आणि एका कागदी पेल्याने डोळा झाकला होता. सारखं म्हणत होती, "हात खाली ठेव. मी आहे. हात खाली ठेव." रिक्षात तीच बसली. म्हसळ्यातून माणगाव, माणगावहून मुंबई.

मी लॅब बंद केली. चावी खिशात आहे.

१९ नोव्हेंबर

मुंबईहून फोन आला. डाव्या डोळ्यात काच. उजवा वाचला.

प्राचार्य म्हणाले, चौकशी समिती बसेल, संस्थेतून दोघे आणि बाहेरचे एक अध्यक्ष. प्रॅक्टिकल कुणाचं होतं असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, वेळापत्रक ऑफिसात आहे, त्यावर पाहा. हे उत्तर चुकीचं नव्हतं.

खणातलं ते असहमतीचं पान आज हाताला लागलं. ते फाइलीला लावायचं राहूनच गेलं होतं. आता लावलं तर भलतंच दिसेल. परत ठेवलं. मग काढलं आणि घरी आणलं.

२५ नोव्हेंबर

चौकशी. मला चाळीस मिनिटं विचारलं. मी एकही शब्द खोटा बोललो नाही, हे इथे लिहून ठेवतो.

अध्यक्षांनी विचारलं, धोक्याची सूचना पुस्तकात होती का? मी म्हटलं, मूळ छपाईत नव्हती, पण लायब्ररीच्या सगळ्या प्रतींत ती हाताने लिहिलेली होती, विद्यार्थी ती वर्षानुवर्षं वाचत होते.

"मग अपघाताच्या वेळी होती का?"

"नाही. जुलैत ती पुसली गेली."

"कुणी पुसली?"

"मुनिरा मॅडमनी. स्वतःच्या हाताने. मी तिथे होतो, सगळी मुलं होती."

ते लिहून घेताना अध्यक्षांचं पेन थांबलं. त्यांनी मान वर करून पाहिलं. एखाद्या शिक्षिकेने असं करावं याचं त्यांना नवल वाटलं असणार.

मग तिला बोलावलं. ती म्हणाली, हो, मी पुसली. कुणाच्या सांगण्यावरून, तर म्हणाली, घरत सरांच्या, म्हणजे माझ्या. लेखी आदेश आहे का? नाही. तुम्ही लेखी हरकत घेतली होती का? ती म्हणाली, घेतली होती, समितीच्या फाइलीत पान आहे. फाइल मागवली. पान नव्हतं. तेव्हा तिने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. चुकून भलत्याच घराचं दार उघडल्यावर माणूस पाहतो, तसं. प्रॅक्टिकल प्रज्योतकडे होतं असं ती म्हणाली, पण तो बदल कागदावर नव्हता; वेळापत्रकावर तिचंच नाव होतं, आणि ऑगस्टमधली नोटीसही होती, विद्यार्थ्यांशी नियमबाह्य बोलते म्हणून.

भिकूला साक्षीला घेतलं. "व्हय, म्याडमनीच खोडलं." सरांनी सांगितलेलं ऐकलं का? भिकू फरशीकडे बघत म्हणाला, "म्या न्हाय ऐकलं." एप्रिलमध्ये त्याला कायम करायची शिफारस माझ्याकडे आहे. मी त्याला काहीही सांगितलं नव्हतं. गरीब माणूस आहे, त्याचं त्याला कळतं.

प्रज्योतला पाच मिनिटांत सोडलं.

२८ नोव्हेंबर

करमअली आले होते. सत्तरीचा माणूस, दिवेआगरहून दोन एसट्या बदलून. तीस वर्षं आखातात काढली, मग नारळी-पोफळीची वाडी धरली, ती चक्रीवादळात आडवी झाली, आता पुन्हा लावलीय. माझ्या केबिनबाहेरच्या बाकावर तासभर बसले. मी कामात होतो.

आत आल्यावर बसा म्हटलं तरी बसले नाहीत. म्हणाले, "सर, पोरीचा कसूर असेल तर मला सांगा, मी घरात तिला बोलेन. कागदावर नका लिहू. कागद जाईल तिथे तिच्या आधी पोचेल."

मी म्हटलं, चौकशी समितीच्या कामात मी कसा पडणार. ते म्हणाले, "ती घरात तुमच्याबद्दल वाकडा शब्द काढू देत नाही. तिच्या भावाने, नदीमने, फोनवर काही म्हटलं तर तिने फोन ठेवला. म्हणाली, माझे उस्ताद आहेत."

मला बरं वाटलं ऐकून. मी म्हटलं, तुम्हाला चहा सांगतो. ते नको म्हणाले. जाताना दाराशी पायात चप्पल सरकवायला त्यांना वेळ लागला, भिंत धरावी लागली. उठून हात द्यावा असं वाटलं, पण तोवर फोन वाजला.

२ डिसेंबर

अहवाल आला. मुनिराच्या तासिका आजपासून बंद. पोलिसांत काही द्यायचं नाही असं ठरलं, संस्थेची बदनामी नको. मीच तसं सुचवलं. तिच्यासाठी एवढं करणं माझं काम होतं.

कपाटाची चावी आणि अ‍ॅप्रन परत करायला आली. ती रडेल, हातापाया पडेल, म्हणून मी मनात दोन वाक्यं तयार ठेवली होती, मोठ्या मनाची. ती रडली नाही. म्हणाली, "सर, माझ्याबद्दल काही मागत नाही. ती ओळ पोरांना सांगा. तोंडी सांगा, नाहीतर भिंतीवर लावा. नाव कुणाचंही घाला."

मी म्हटलं, विभाग कसा चालवायचा ते आता तुला बघायचं नाही.

"बरं," ती म्हणाली. चावी टेबलावर ठेवली. आवाज होऊ नये अशी ठेवली.

माझी दोन वाक्यं तशीच राहिली.

२० जानेवारी २०२५

प्राप्ती परत आली. डाव्या डोळ्याला दिसत नाही. पहिल्या बाकावर बसते आणि फळ्याकडे मान तिरकी करून बघते. पेनचं टोपण लावताना दोनदा चुकते, तिसऱ्यांदा लागतं.

तास संपल्यावर थांबली. म्हणाली, "सर, मुनिरा मॅडम पुसत होत्या तेव्हा मी होते तिथे. त्यांनी फळ्यावर लिहू का विचारलं होतं. मला चौकशीला कुणी बोलावलंच नाही. मी आता लिहून दिलं तर चालेल?"

मी तिला बसवलं. मायेने बोललो. म्हटलं, तुझी हजेरी कमी आहे, दोन प्रॅक्टिकल बुडालीत, अंतर्गत गुण माझ्या हातात आहेत आणि मी ते सांभाळून घेणार आहे. डॉक्टरांनी ताण घेऊ नको सांगितलंय ना? मग या जुन्या गोष्टी कशाला उकरायच्या.

तिने बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. एका डोळ्याने पाहिलं की माणूस उद्धट वाटतो, तिचा दोष नाही. मग म्हणाली, "समजलं, सर."

गुण सांभाळून घेतले. शब्द पाळला.

१० मार्च

मुनिराने अनुभव प्रमाणपत्र मागितलंय. माणगावच्या एका कॉलेजात जागा निघालीय, कायम. प्राचार्यांनी मसुदा माझ्याकडे टाकला. सात वर्षं अध्यापन केलं, ते लिहिलं. विषयाचं ज्ञान उत्तम, तेही लिहिलं, आपण न्याय सोडत नाही. शेवटी वर्तनाचा रकाना. तो कोरा सोडला असता तर चाललं असतं, प्राचार्यांनी तसंच सुचवलं होतं. पण कोरा रकाना म्हणजे माहिती दडवणं. "चौकशीअंती सेवा थांबविण्यात आली" असं लिहिलं. चार शब्द.

लिहून झाल्यावर बराच वेळ खिडकीशी उभा राहिलो. ती जर म्हणाली असती, सर चूक माझी, तर मी तो कागद फाडला असता. तिने एकदाही म्हटलं नाही.

२१ एप्रिल

माणगावची जागा दुसऱ्या कुणाला मिळाली, प्रज्योत सांगत होता. मुनिरा आता माणगावात क्लास घेते म्हणे, बारावीच्या पोरांचा, भाड्याच्या खोलीत.

भिकू कायम झाला. पेढे घेऊन आला होता. मी घेतला. तो उभाच राहिला, काहीतरी बोलायचं असल्यासारखा. मग म्हणाला, "सर, म्याडमला कुणी पेढं द्यील का?" त्याला म्हटलं, तूच नेऊन दे की, माणगाव काय लांब आहे. तो गेला. मला वाटत नाही तो जाईल.

१६ जून

माझ्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती आली. अपघातानंतर संस्थेनेच म्हटलं, सुधारून छापा, तेच लावू. पान शेहेचाळीसवर चौकटीत सूचना घातली. ती शब्दांत मांडायला आठवडा गेला. सहा-सात तऱ्हेने लिहून पाहिली. कधी लांब व्हायची, कधी मुलांना भीती वाटेल अशी. शेवटी जी जमली ती लिहिली: हे द्रावण ठेवू नये. लगेच पातळ नायट्रिक अ‍ॅसिड घालून टाकून द्यावे. वाळले तर स्फोट होतो. योग्य वाक्य एकच असतं, कुणीही लिहिलं तरी तेच येणार.

प्रस्तावनेत सर्वांचे आभार मानले. प्राचार्य, प्रज्योत, ग्रंथालय, भिकूसुद्धा.

५ जुलै

पेणला भाच्याकडे चाललो होतो. माणगाव स्टँडवर गाडी बदलायची होती, तर समोरून मुनिरा आणि प्राप्ती येताना दिसल्या. प्राप्ती शनिवार-रविवार तिच्याकडे शिकायला येते, हे मला माहीत नव्हतं. मुनिरा तिच्या डाव्या बाजूने चालत होती. त्या बाजूने रिक्षावाले अंगावर येत होते, त्यांना हाताने थांबवत.

प्राप्तीला मी दिसलो नाही. मुनिराला दिसलो. तिने सलाम केला, पूर्वीसारखाच. मी बाकावर सरकून जागा केली. त्या उभ्याच राहिल्या.

पिशवीत नव्या आवृत्तीच्या प्रती होत्या. एक काढून तिच्या हातात दिली. तिने पुठ्ठा पाहिला नाही, प्रस्तावना पाहिली नाही, सरळ ते पान काढलं. चौकट वाचली. ओठ हलत होते. मग पुस्तक जरा तिरकं करून प्राप्तीच्या उजव्या डोळ्यासमोर धरलं. तिनेही वाचलं.

"आता बरोबर आहे, सर," मुनिरा म्हणाली.

इतक्या वर्षांनी. ऐकून भरून पावलो, खोटं कशाला लिहू. विद्यार्थ्याच्या तोंडून असा शब्द ऐकायला मिळावा, आणखी काय हवं असतं शिक्षकाला? मी म्हटलं, थांब, सही करून देतो. पेन शोधायला लागलो. ते पिशवीच्या तळाशी गेलं होतं.

सापडलं तोवर श्रीवर्धनची गाडी लागली होती. मुनिराने प्राप्तीला आधी चढवलं, पायरी कुठे आहे ते हाताने दाखवलं, मग स्वतः चढली. पुस्तक माझ्या शेजारी बाकावर ठेवलेलं होतं, मिटून.

नवी कोरी प्रत. उचलून परत पिशवीत टाकली.